पगारपत्रकातली दोनशे रुपयांची ओळ
राज्याच्या वित्तमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : नांदेड व लातूर जिल्ह्यांत कामावर जाण्यासाठी आस्थापनेमार्फत सायकल घेणाऱ्या नोकरदारांना दोन वर्षांचा व्यवसाय कर माफ करण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

राज्याच्या तिजोरीवर केवढा ताण आहे आणि अर्थसंकल्पाच्या आधी आपल्याकडे मागण्यांचे किती गठ्ठे येतात, याची जाणीव ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. मागणी एकच आहे आणि तिचा आकडा लहान आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत जो नोकरदार आपल्या आस्थापनेमार्फत कामावर जाण्यासाठी सायकल घेईल, त्याचा दोन वर्षांचा व्यवसाय कर, म्हणजे जास्तीत जास्त ५,००० रुपये, सरकारने सोडावा आणि तेवढी रक्कम सायकलीच्या किमतीपोटी वळती करू द्यावी. यासाठी केंद्राकडे हात पसरायला नको, नवे महामंडळ काढायला नको आणि कोणाच्या खात्यावर पैसे पाठवण्याची यंत्रणाही उभी करायला नको. हा कर राज्याचा आहे, तो मालकच पगारातून कापतो आणि मालकच भरतो. त्यामुळे सवलत द्यायचे ठरले, तर ती पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकापासून सुरू होऊ शकते.

मालकाच्या मध्यस्थीने आणि करात सवलत देऊन कामगाराला सायकल मिळवून द्यायची, ही कल्पना जगात चांगली रुळलेली आहे. ब्रिटनने १९९९ च्या वित्त कायद्याने ती सुरू केली. तिथे मालक सायकल विकत घेतो आणि कामगाराला वापरायला देतो. कामगार ठरावीक मुदतीपर्यंत आपल्या पगाराचा थोडा भाग सोडतो. हा भाग कर लागण्याच्या आधीच वजा होत असल्याने त्यावरचा आयकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी वाचते. मुदत संपली की उरलेल्या अल्प किमतीला सायकल कामगाराच्या मालकीची होऊ शकते. आयर्लंडने २००९ मध्ये याच धर्तीची योजना आणली, तर जर्मनीने २०१२ मध्ये कंपनीच्या मोटारीला लागू असलेली करसवलत कंपनीच्या सायकलीलाही दिली. या योजना टिकल्या, कारण त्या पगारावर जगणाऱ्या माणसाची खरी अडचण ओळखतात. आपल्या आकड्यांत सांगायचे तर, एकरकमी पाच-सात हजार रुपये त्याच्या हातात कधीच नसतात. महिन्याला दोनशे रुपये मात्र तो देऊ शकतो, आणि ते कापून घेण्याची सोय फक्त मालकाकडे असते. शिवाय मालकाने एकदा सायकली घेऊन दिल्या की त्या कुठे उभ्या करायच्या, पावसात त्यांवर पत्रा कुठे टाकायचा, याचा विचार त्याला आपोआप करावा लागतो.

तरीही ब्रिटनची योजना जशीच्या तशी उचलून इथे आणली, तर ती नांदेड-लातूरच्या कामाची ठरणार नाही. त्या योजनेत एक मोठी खोट आहे: ज्याचा आयकर जास्त, त्याची बचत जास्त. किमान वेतनावर काम करणाऱ्याला तर तिथे प्रवेशच नाही, कारण सोडलेला भाग वजा केल्यावर पगार किमान वेतनाच्या खाली जाऊन चालत नाही. आपल्याकडे ही खोट कितीतरी पट मोठी होईल. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर जाते. म्हणजे आयकरातून दिलेली सायकलीची सवलत महिन्याला लाखाच्या वर कमावणाऱ्यांपासून सुरू होईल. लातूरच्या डाळ मिलमधला मापाडी, नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या दवाखान्यातला वॉर्डबॉय, शिकवणी वर्गाच्या कार्यालयातली लिपिक, शोरूममधला विक्रेता, यांच्यापैकी कोणाच्याही वाट्याला त्यातला एक रुपया येणार नाही. सायकलीची खरी गरज असलेला माणूस आयकराच्या उंबरठ्याच्या फार अलीकडे उभा आहे.

त्याचे पगारपत्रक मात्र कोरे नसते. महिना १५,००० रुपयांच्या नोकरीचे उदाहरण घ्या. सगळा पगार भविष्य निर्वाह निधीसाठी धरला, तर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये जातात. राज्य कामगार विम्याचे पाऊण टक्क्याने ११३ रुपये जातात. त्याखाली तिसरी ओळ असते ती व्यवसाय कराची, २०० रुपयांची. हातात येतात १२,८८७. यातले पहिले १,८०० रुपये त्याच्याच नावावर साठतात आणि ११३ रुपयांच्या बदल्यात औषधपाणी मिळते. तिसरी ओळ हा निव्वळ कर आहे. १९७५ च्या राज्य कायद्याने तो लागतो. पुरुष कर्मचाऱ्याला महिना ७,५०० पर्यंत माफी, १०,००० पर्यंत १७५ रुपये आणि त्यापुढे सरसकट २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये, वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने हीच वरची मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे महिना पंधरा हजार मिळवणारा आणि महिना दीड लाख मिळवणारा, दोघेही सारखाच कर भरतात. अल्प पगाराच्या नोकरदारावर याचा भार प्रमाणाने दहापट आहे, आणि दर अर्थसंकल्पात आयकराची मर्यादा वाढल्याची बातमी येते तेव्हा त्याच्या या दोनशे रुपयांना कोणी हात लावत नाही. त्याला द्यायची सवलत याच ओळीतून देता येते.

ही योजना चालेल कशी, तेही सांगतो. पुढे-मागे मडगार्ड, कॅरियर, भक्कम स्टँड, चेनकव्हर, घंटी आणि कुलूप असलेली साधी रोजच्या वापराची सायकल आज साधारण पाच ते आठ हजारांत मिळते. समजा ती ७,००० ची आहे. आस्थापना स्वतःच्या नावाने बिल घेऊन ती कर्मचाऱ्याला देते. पहिली दोन वर्षे पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ या ओळीच्या जागी ‘सायकल कपात’ अशी ओळ येते. रक्कम तीच, महिना २००, फेब्रुवारीत ३००. कर्मचाऱ्याच्या हातात येणारा पगार एका रुपयानेही कमी होत नाही आणि दोन वर्षांत ५,००० रुपये फिटतात. उरलेले २,००० त्यापुढच्या दहा महिन्यांत दोनशेच्याच हप्त्याने फिटतात. मालक दरमहा सरकारला भरायच्या व्यवसाय करातून तेवढी रक्कम वजा करतो आणि विवरणपत्रासोबत सायकलीचे बिल जोडतो. एवढीच पद्धत. सरकारी कचेऱ्यांना ती नवखी वाटू नये, कारण केंद्राच्या कर्मचाऱ्यांना सायकल खरेदीसाठी ४,५०० रुपयांचे बिनव्याजी अग्रिम मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये ते बंद झाले. पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांचा सायकल भत्ताही बंद करावा, अशी त्याच आयोगाची शिफारस होती. सरकारने २०१७ मध्ये ती फेटाळली आणि भत्ता ९० वरून १८० रुपये केला. नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या विभागाचे ठिकाण आहे. तिथल्या रुळांवर काम करणाऱ्या ट्रॅकमनच्या सायकलीला कामाचे साधन म्हणून भत्ता मिळतो, तर त्याच शहरातल्या दवाखान्यातल्या कामगाराला सायकलीसाठी काहीच मिळू नये, याला कारण दिसत नाही.

हेच दोन जिल्हे का, असे आपण विचाराल. त्यांच्या मुख्य शहरांचा आकार सायकलीला साजेसा आहे. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती आणि लातूरची सुमारे ३ लाख ८० हजार. लातूर अजूनही गंजगोलाईभोवती गोळा झालेले शहर आहे. १९१७ ची ती गोल बाजारपेठ आणि तिच्यातून फुटणारे सोळा रस्ते डोळ्यांसमोर आणले, तर औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड यांच्या कडेच्या बहुतेक वसाहती चार-पाच किलोमीटरांच्या टप्प्यात येतात. नांदेडमध्ये तरोडा, भाग्यनगर, श्रीनगरकडून वजिराबादला किंवा गोदावरी ओलांडून सिडको-हडकोला जाणे पाच-सहा किलोमीटरांचे काम आहे. विष्णुपुरीचा अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांचा परिसर जरा लांब पडतो. तिथे सायकल सर्वांना जमेल असा दावा मी करत नाही. चढ-उतार फारसे नाहीत. पाच किलोमीटर म्हणजे बेताच्या वेगाने वीस मिनिटे. जाऊन-येऊन चाळीस, आठवड्यातून सहा दिवस धरले तर २४० मिनिटे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो कामाच्या रस्त्यावरच होऊन जातो.

यातला घरखर्चाचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे. जाऊन-येऊन दहा किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे २५० किलोमीटर. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटारसायकल धरली, तरी पाच लिटर पेट्रोल लागते. शंभराच्या वर दर असताना हे महिन्याला पाचशेहून जास्त आणि वर्षाला सहा हजारांहून जास्त झाले. त्यात गाडीचा हप्ता, विमा, ऑइल, टायर धरलेले नाही. ऑटोने जायचे म्हटले आणि एका बाजूचे वीस रुपयेच धरले, तरी महिन्याचे हजार होतात. १२,८८७ रुपये हातात येणाऱ्या घरात सहा हजार म्हणजे जवळजवळ पंधरा दिवसांचा पगार. घराचे भाडे कमी करता येत नाही, मुलांच्या शाळेची फी कमी करता येत नाही, किराणा एका मर्यादेपलीकडे आखडता येत नाही. प्रवासाचा खर्च तेवढा कमी करता येण्यासारखा आहे, आणि तोही नोकरी न सोडता. सरकारने दोन वर्षांत सोडलेल्या पाच हजारांच्या बदल्यात त्या कुटुंबाचे दरवर्षी सहा हजार वाचतात. मला माहीत असलेल्या फार थोड्या सरकारी सवलतींचे फळ इतके सरळ आणि इतके लवकर मिळते.

सायकलीवर सरकारी पैसा खर्च करायला आपले राज्य कधी कचरलेले नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते आणि २०२२ पासून ते ५,००० रुपये आहे. हाच आकडा मी मागतो आहे. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढला आणि मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असे आढळले. शाळा जितकी लांब, तितका हा परिणाम ठळक होता. अंतराची अडचण सायकल सोडवते, हे यातून सिद्ध झाले आहे. पण हीच मुलगी बारावीनंतर परिचारिका होऊन किंवा संगणक शिकून नांदेडला नोकरीला लागते, तेव्हा तिच्या प्रवासाचा विचार करणारी एकही योजना तिला सापडत नाही. अठरा वर्षांपर्यंत जी गोष्ट सरकारला विकास वाटते, ती एकोणिसाव्या वर्षी तिची खासगी बाब का व्हावी?

वाहनांवर सवलत द्यायची सवय तर सरकारांना आहेच. वीजवाहनाच्या कर्जावरच्या व्याजासाठी केंद्राने आयकरात दीड लाखांपर्यंतची वजावट दिली. एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना ती लागू होती. ऑगस्ट २०१९ पासून वीजवाहनांवर जीएसटी ५ टक्के झाला. त्याच वेळी साध्या सायकलीवर १२ टक्के होता आणि तो २२ सप्टेंबर २०२५ ला ५ टक्क्यांवर आला. म्हणजे सहा वर्षे वीस लाखांच्या विजेच्या मोटारीवर ५ टक्के कर होता आणि सहा हजारांच्या सायकलीवर १२ टक्के. आपल्या राज्याच्या २०२१ च्या वीजवाहन धोरणात एक लाख दुचाकींना प्रत्येकी १०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन होते. २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर वीजमोटारींना टोलमाफी दिली. या धोरणांना माझा विरोध नाही, हवा स्वच्छ राहायची असेल तर ती हवीतच. माझे म्हणणे एवढेच की ज्या वाहनाला पेट्रोलही लागत नाही आणि वीजही लागत नाही, ते या यादीत सगळ्यांत वर असायला हवे होते. आज त्या यादीत त्याचे नावच नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा, की व्यवसाय कर हा रोजगार हमी योजनेसाठी बसवलेला कर आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेसाठी शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराला हात द्यावा, ही त्यामागची भावना होती. मराठवाड्याने दुष्काळात या योजनेचे मोल अनुभवले आहे, त्यामुळे तिच्या पैशाला धक्का लागावा असे मी कधीच म्हणणार नाही. म्हणून सवलतीची रक्कम रोजगार हमीच्या हिशेबातून कमी न करता परिवहन खात्याच्या तरतुदीतून तिथे भरून द्यावी. रक्कमही बेताची आहे. दोन्ही जिल्ह्यांत मिळून पहिल्या टप्प्यात २०,००० नोकरदारांची मर्यादा घातली, तर दोन वर्षांत मिळून १० कोटी रुपये होतात. २०२१ च्या धोरणातल्या एक लाख वीजदुचाकींना पूर्ण प्रोत्साहन द्यायचे, तर हाच आकडा १०० कोटींपर्यंत जातो. या करात सूट देण्याची प्रथाही नवी नाही: दिव्यांग व्यक्ती, सैन्यदलातील जवान, ६५ वर्षांवरील नागरिक यांना कायद्यातच माफी आहे, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पाने महिलांसाठी माफीची मर्यादा महिना १०,००० वरून २५,००० केली.

याच माफीतून दुसरा आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. पंचवीस हजारांपर्यंत कमावणाऱ्या महिलेला व्यवसाय कर लागतच नाही, मग तिला करमाफीतून काय मिळणार? सायकलीचा सगळ्यांत जास्त उपयोग तिला आहे. घरात एकच मोटारसायकल असली तर ती बहुधा पुरुष नेतो आणि बाई ऑटोला पैसे मोजते किंवा पायी जाते. यावर उपाय सोपा आहे. सवलत कर्मचाऱ्याच्या नावावर न मोजता आस्थापनेच्या एकूण भरण्यातून मोजावी. पन्नास कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याला सर्वांचा मिळून जेवढा व्यवसाय कर भरायचा आहे, त्यातून प्रत्येक सायकलीमागे वर्षाला २,५०० रुपये वजा करू द्यावेत, मग ती सायकल कर भरणाऱ्याने घेतलेली असो की करमाफी असलेल्या परिचारिकेने. कंत्राटदारामार्फत काम करणारे सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक यांनाही हाच नियम लावावा आणि वजावटीचा हक्क मूळ आस्थापनेलाही द्यावा. नाहीतर सर्वांत कमी पगाराची माणसे पुन्हा बाहेर राहतील.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. बिल एकाच्या नावाचे आणि सायकल शेजाऱ्याच्या मुलाला, किंवा सायकल न घेताच नुसते बिल, असे प्रकार होतील. होतील, हे मान्य करूनच बंदोबस्त करावा. प्रत्येक सायकलीच्या फ्रेमवर, बहुधा पायडलच्या एक्सलखाली, कंपनीने ठोकलेला क्रमांक असतो. तो बिलावर आणि विवरणपत्रात नोंदवणे सक्तीचे केले, तर एकाच सायकलीचे दोनदा बिल लागणार नाही. पहिली दोन वर्षे मालकी आस्थापनेची ठेवावी आणि वर्षातून एकदा कामाच्या ठिकाणी पाहणी करावी. यापलीकडे कागद वाढवू नयेत. आणि समजा, एखाद्या कामगाराची सायकल दुपारी त्याच्या मुलीने शिकवणीला नेली, तर तो गैरवापर समजू नये. घरात आलेली सायकल घराच्या उपयोगी पडणे हे योजनेचे यश आहे. उलट मालकी कोणाचीच नसली की काय होते, ते पुण्यात दिसले. २०१७ च्या अखेरीस तिथे मोठ्या कंपन्यांच्या भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या आणि थोड्याच काळात त्या सेवा गुंडाळल्या गेल्या. ज्याच्या पगारातून हप्ता जातो, तो आपल्या सायकलीच्या पंक्चरकडे आणि कुलपाकडे स्वतः लक्ष देतो.

चौथा आक्षेप ऊन आणि रस्त्यांचा. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा सायकल चालवा असे कोणी कोणाला सांगू नये. पण अशा कडक उन्हाचे दिवस वर्षात दोन-अडीच महिन्यांचे असतात. दवाखान्याची पाळी, शिकवणी वर्ग, बाजार समितीचा सौदा यांच्या वेळा बऱ्याचदा सकाळच्या असतात. शिवाय आज उन्हातून कोण जातो आहे, तेही पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेतीबाहेरच्या कामगारांपैकी सुमारे साडेचार कोटी लोक कामावर पायी जात होते आणि सुमारे २ कोटी ६० लाख सायकलने. पायी जाणाऱ्याला सायकल मिळाली, तर त्याचा उन्हातला वेळ तिपटीने कमी होतो. रस्त्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. जड वाहनांच्या रस्त्यावर सायकलस्वाराला धोका असतो आणि तो लपवून योजना मांडणे चुकीचे ठरेल. म्हणून सायकलीला मागे-पुढे दिवा आणि परावर्तक असल्याशिवाय सवलत देऊ नये. पण ‘आधी रस्ते, मग सायकली’ हा क्रम मला पटत नाही. नांदेडमध्ये २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेतून रस्त्यांचे मोठे काम झाले, त्यात काही रस्त्यांवर रुंद पदपथ आणि सायकलींसाठी वेगळा पट्टा आखलेला होता. अशा पट्ट्याचे रक्षण कागद करू शकत नाही. त्यावरून रोज शेकडो सायकली गेल्या तरच तिथे गाड्या उभ्या करायला लोक कचरतात आणि महापालिकेला तो राखावा लागतो. रस्ता आणि सायकलस्वार यांना बरोबरच वाढवावे लागेल, आणि सायकलस्वार वाढवणे स्वस्त आहे.

पाचवा आक्षेप फारसा लिहिला जात नाही, पण बोलला जातो: सायकल म्हणजे गरिबीची खूण, नोकरी लागली की माणूस मोटारसायकल घेणारच. या भावनेला मी कमी लेखत नाही. वर्षानुवर्षे पायी चाललेल्या माणसाने मोटारसायकलचे स्वप्न पाहण्यात काहीही वावगे नाही. ही योजना ते स्वप्न हिरावून घेत नाही. गावाकडे जायला, घरच्यांना दवाखान्यात न्यायला मोटारसायकल राहावीच. प्रश्न रोजच्या पाच किलोमीटरांचा आहे. आणि प्रतिष्ठेचे म्हणाल, तर ती ठरवण्यात मालकाचा वाटा मोठा असतो. योजना सर्व पगारांच्या कर्मचाऱ्यांना खुली ठेवली, एकाच शेडमध्ये डॉक्टरांची आणि वॉर्डबॉयची सायकल उभी राहिली, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने, लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेने, दोन्ही महापालिकांनी आपल्या अधिकाऱ्यांपासून सुरुवात केली, तर सायकलीला चिकटलेला कमीपणा हळूहळू निघून जाईल. प्रत्येक सायकलीमागे वर्षाला २,५०० रुपयेच वजा होणार असल्यामुळे सवलत सगळ्यांना सारखीच मिळते. ब्रिटनच्या योजनेत न सुटलेला विषमतेचा प्रश्न इथे रचनेतच सुटतो.

राहिला लहान मालकाचा प्रश्न. वीस माणसे कामाला असलेल्या दुकानदाराने आठ सायकलींचे छप्पन्न हजार आधी कुठून गुंतवायचे? यासाठी महाराष्ट्राजवळ तयार साधन आहे: पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था. सहकारी संस्था अधिनियमाच्या ४९ व्या कलमानुसार सभासदाने संमती दिली की मालकाला त्याच्या पगारातून संस्थेचा हप्ता कापून द्यावाच लागतो. पतसंस्थेने सायकलीचे पैसे द्यावेत आणि करातून वळती होणारी रक्कम हप्त्यापोटी तिच्याकडे जावी. हप्त्याची हमी जवळजवळ सरकारचीच असल्याने संस्थेला जोखीम नगण्य राहील. त्यावरचे थोडे व्याज मालकाने सोसावे. वेळेवर आणि ताजातवाना कामावर येणारा माणूस त्याच्याही फायद्याचा आहे. या लाभावर पुन्हा आयकर लागेल, ही भीतीही बाळगायला नको. घर ते कामाची जागा या प्रवासासाठी मालकाने दिलेले कोणतेही वाहन ही सवलतीची सुखसोय मानू नये, असे स्पष्टीकरण १९६१ च्या आयकर कायद्यातच होते, आणि इथल्या बहुसंख्य लाभार्थ्यांना तसाही आयकर लागत नाही.

म्हणून माझी विनंती चार गोष्टींची आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात व्यवसाय कराच्या कायद्यात छोटी दुरुस्ती करून नांदेड आणि लातूर जिल्ह्यांसाठी दोन वर्षांची ही सवलत द्यावी. ती आस्थापनेच्या एकूण भरण्यातून मोजावी, म्हणजे महिला आणि कंत्राटी कामगार बाहेर राहणार नाहीत. रोजगार हमीची तूट परिवहन खात्यातून भरून द्यावी. आणि दर सहा महिन्यांनी किती सायकली घेतल्या गेल्या, त्यांतल्या किती कामाच्या ठिकाणी रोज दिसतात, घेणाऱ्यांमध्ये महिला किती आणि वीस हजारांच्या आतल्या पगाराचे किती, हे आकडे जाहीर करावेत. दोन वर्षांनी हे आकडे निराशाजनक निघाले तर योजना बंद करावी. चांगले निघाले तर परभणी, हिंगोली, धाराशिव, बीड यांचा नंबर लावावा.

एक गोष्ट अखेरीस आग्रहाने सांगतो. महिना पंधरा हजार कमावणारा नोकरदार केंद्राला आयकर देत नाही, त्यामुळे केंद्राची आयकरातली कोणतीही सवलत त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. त्याच्या पगारातून थेट कर घेणारे सरकार एकच आहे, आणि ते आपले आहे. जे सरकार त्याच्याकडून दरमहा दोनशे रुपये घेते, त्यालाच ते दोनशे रुपये त्याच्या रोजच्या वाटेला लावता येतात. हा निर्णय दुसऱ्या कोणाच्या हातात नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिले आहे. आपण तो घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
मराठवाड्यातील एक नागरिक